सी टाईप, एकच चार्जर आणि बाकीची भानगड : दुकानात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात एसटी स्टँडपासून जवळच माझं मोबाईल रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. दिवसाला दहा-बारा जण तरी चार्जर नाहीतर केबल घ्यायला येतात आणि त्यातले निम्मे तेच ते प्रश्न विचारतात, मग मी सोल्डरिंग हातात धरूनच उत्तर देतो, ते अर्धं ऐकतात आणि घरी जाऊन परत फोन करतात. म्हणून एकदाचं लिहूनच काढलंय. क्रम वगैरे काही लावलेला नाही, जसं आठवलं तसं लिहिलंय.

आता सगळ्या फोनला एकच चार्जर झालाय म्हणतात, मग तुमच्या भिंतीवर एवढ्या व्हरायटी कशाला लटकवल्यात?

एक झालंय ते फोनचं भोक. आपण सरसकट "चार्जर" म्हणतो पण त्यात तीन वस्तू असतात, भिंतीत घालायचा अडॅप्टर, मधली केबल आणि फोनमधला पोर्ट. पोर्ट बऱ्यापैकी एक झाला, सी टाईप. पण अडॅप्टर किती वॅट देणार, केबल किती करंट झेपवणार आणि फोन कुठली "भाषा" बोलणार हे तिन्ही वेगवेगळं असू शकतं. केबल बसते म्हणून फास्ट चार्ज होईलच असं नाही, आणि माझ्याकडच्या निम्म्या तक्रारी इथूनच सुरू होतात.

हा एकच पोर्टचा नियम नक्की कुणी काढला?

सक्तीचा मोठा कायदा युरोपियन युनियनचा. युरोपियन पार्लमेंटमध्ये ४ ऑक्टोबर २०२२ ला मतदान झालं, ६०२ बाजूने, १३ विरोधात, ८ तटस्थ. म्हणजे भांडण असं राहिलंच नव्हतं. २८ डिसेंबर २०२४ पासून तिकडे विकायला येणारे नवीन फोन, टॅबलेट, कॅमेरे, हेडफोन, इअरबड्स, स्पीकर, ई-रीडर, कीबोर्ड, माऊस, हातात धरून खेळायचे गेम, गाडीत लावायचे नेव्हिगेशनवाले डबे, या सगळ्यांना वायरने चार्ज करायचं असेल तर सी टाईप पाहिजेच. लॅपटॉपला मुदत जास्त दिली, २८ एप्रिल २०२६.

त्यांचं गणित असं होतं की लोक नको असलेल्या चार्जरवर वर्षाला २५ कोटी युरो घालवतात आणि टाकून दिलेल्या किंवा न वापरलेल्या चार्जरचा कचरा वर्षाला ११ हजार टन होतो. आकडे मोठे वाटतात पण तुमच्या घरातला तो ड्रॉवर उघडा, टीव्हीखालचा, ज्यात वायरींचं जाळं असतं. मग पटतं.

हे आधी का नाही केलं मग? आम्ही नोकियाच्या काळात काय काय भोगलंय!

आधी पण केलं होतं, अर्धवट. २००९ ला युरोपातच ३० च्या वर प्रकारचे चार्जर होते. आपल्याकडे आठवा, नोकियाची जाड पिन, मग बारीक पिन, सॅमसंगची चपटी, सोनी एरिक्सनची ती दातवाली, आणि एकाचंही दुसऱ्याला चालायचं नाही. लग्नाला गेलं की हॉलवर पहिला प्रश्न "बारीक पिनचा चार्जर आहे का कुणाकडे?" स्टँडवर एक केबल मिळायची आठ-दहा तोंडांची, ऑक्टोपससारखी, त्यातली दोन तोंडं चालायची. आणि ज्याचं काहीच जमायचं नाही त्याची बॅटरी काढून चिमट्याच्या चार्जरमध्ये लावायची, लाल-हिरवे दिवे लागायचे, तो तर सगळ्यांचा बाप होता.

तर २००९ मध्ये युरोपियन कमिशननं कंपन्यांना बसवून एक करार करायला लावला, १४ कंपन्यांनी सह्या केल्या, मायक्रो युएसबी वापरायचं ठरलं. करार आपखुशीचा होता, कायदा नव्हता. ॲपलनं पण सही केली होती बरं का, पण करारात एक पळवाट होती, फोनचा पोर्ट वेगळा असला तरी कंपनीने एक छोटं कनेक्टर दिलं की भागायचं. मग काय, त्यांनी कनेक्टर विकायला ठेवलं आणि २०१२ मध्ये आयफोन ५ ला सरळ लायटनिंग पिन आणली. तरीही ३० प्रकारांचे तीनवर आले, मायक्रो युएसबी, लायटनिंग आणि नंतर सी टाईप, हे काही कमी नाही.

जाता जाता, आमचा होलसेलवाला मायक्रो युएसबीला अजून "व्ही एट" म्हणतो. मोटोरोलाचा त्या नावाचा फोन होता, फोन गेला, पिनला नाव राहिलं. नवीन पोरगं कामाला लागलं की आधी हेच शिकवावं लागतं.

आयफोनला सी टाईप याच कायद्यामुळे आलं ना?

माझं मत विचाराल तर हो, नाहीतर अजून पाच वर्षं आलं नसतं. कायदा २०२२ ला झाला, सप्टेंबर २०२३ ला आयफोन १५ सी टाईप घेऊन आला. त्याआधी ॲपलच्याच लॅपटॉपला आणि आयपॅडला सी टाईप होतं, फोनलाच नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की सक्ती केली की नवीन शोध थांबतात. यात तथ्य आहे थोडं, कारण २००९ ला मायक्रो युएसबीचाच पक्का कायदा केला असता तर आज आपण ती एकाच बाजूने बसणारी, हुक तुटणारी पिन घेऊन बसलो असतो. पण नवीन कायद्यात स्टँडर्ड बदलायची सोय ठेवलीय, पुढे काही चांगलं आलं तर कमिशन यादी बदलू शकतं.

एक गंमत बघा. आयफोन १५ आणि १५ प्रो, दोन्हीला पोर्ट दिसायला सेम. पण साध्या १५ मधून डेटा जुन्या लायटनिंगच्याच स्पीडने जातो, ४८० मेगाबिट, आणि प्रोमधून १० गिगाबिटपर्यंत, म्हणजे वीसपट, तोही त्याला लायक केबल असेल तर. भोक एकच.

अँड्रॉइडचा चार्जर आयफोनला लावला तर बॅटरी जाते का?

नाही. १५ पासून पुढच्या कुठल्याही आयफोनला चांगल्या कंपनीचा सी टाईप पीडी (म्हणजे पॉवर डिलिव्हरी, सगळ्या कंपन्यांना चालणारी फास्ट चार्जिंगची पद्धत) चार्जर बिनधास्त लावा. "चांगल्या कंपनीचा" हे शब्द गाळून वाचू नका फक्त.

भारतात पण सक्ती झालीय का?

आपल्याकडे गोष्ट हळूहळू चाललीय. ग्राहक व्यवहार खात्यानं २०२२ मध्ये ऑगस्टला आणि मग नोव्हेंबरला कंपन्या, आयआयटीवाले, वगैरे सगळ्यांना बोलावून बैठका घेतल्या. स्मार्टफोन, टॅबलेट, लॅपटॉपला सी टाईप यावर साधारण एकमत झालं. मग जानेवारी २०२३ मध्ये बीआयएसनं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोनं, सी टाईपचं भारतीय स्टँडर्ड छापलं, नंबर आयएस/आयईसी ६२६८०, भाग १, विभाग ३. पण स्टँडर्ड छापणं वेगळं आणि ते सक्तीचं करणं वेगळं. हेल्मेटचा आयएसआय मार्क कितीतरी वर्षं होता, सक्ती २०२१ ला आली, तसं समजा.

खरं सांगायचं तर स्मार्टफोनपुरतं सक्ती नसली तरी फरक पडत नाही, कारण कंपन्या युरोपसाठी एक आणि आपल्यासाठी एक असे दोन साचे कशाला करतील. घोडं अडलंय ते कीपॅड फोनपाशी. माझ्याकडे बाजाराच्या दिवशी गावाकडची जी मंडळी येतात त्यांच्यात बऱ्याच जणांच्या बंडीत अजून कीपॅड फोन असतो आणि त्याला व्ही एट पिन असते. हजार-पंधराशेच्या फोनला सी टाईप लावायचं तर खर्च वाढतो, आणि त्या गिऱ्हाईकाला वीस-तीस रुपये पण जाणवतात. म्हणून त्या बैठकांमध्ये स्मार्ट डिव्हाइसला एक आणि कीपॅड फोनला दुसरा, असे दोन चार्जर ठेवायचा विचार पुढे आला होता. युरोपचा कायदा जसाच्या तसा इकडे आणा म्हणणाऱ्यांनी ही बाजू बघितलेली नसते.

माझा फोन १८ वॅटचा आहे, मुलानं ६५ वॅटचा चार्जर आणलाय. फोन फुटेल का?

हा प्रश्न रोज. रोज म्हणजे रोज.

पंगतीत वाढपी बुंदीची अख्खी परात घेऊन समोर आला म्हणून तुम्हाला परात खावी लागत नाही, तुम्ही "बास" म्हणालात की तो पुढे जातो. तसंच आहे. पीडी चार्जर लावला की सुरुवात ५ व्होल्टनेच होते, मग चार्जर सांगतो माझ्याकडे हे-हे आहे, ५ व्होल्ट, ९ व्होल्ट, १५, २०, आणि फोन त्यातलं त्याला झेपेल ते मागतो. फोनने मागितल्याशिवाय व्होल्टेज वाढत नाही. ६५ वॅटचा म्हणजे ६५ पर्यंत देऊ शकतो, कोंबतोच असं नाही.

हे सगळं चार्जर खरा असेल तर. चार्जरवरचा बारीक अक्षरातला मजकूर वाचायची सवय लावा, लागलं तर फोनच्या कॅमेऱ्याने झूम करा. आउटपुटसमोर ५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट २.२२ अँपिअर असं काही असतं. गुणाकार करा, ९ गुणिले २.२२ म्हणजे झाले २० वॅट. वरती मोठ्या अक्षरात "१२० वॅट सुपर" आणि खाली नुसतं ५ व्होल्ट २ अँपिअर असेल तर तो १० वॅटचा चार्जर आहे, बाकी सगळी लग्नपत्रिका. आणि बीआयएसच्या नोंदणीचा आर ने सुरू होणारा नंबर असतो, तो बीआयएस केअर नावाच्या ॲपमध्ये टाकला की कुठल्या कंपनीचा आहे ते कळतं. नंबरच नसेल तर ठेवा परत. माझ्या दुकानातला असला तरी ठेवा.

माझा फोन ८० वॅटने चार्ज होतो पण भावाच्या महागड्या १०० वॅटच्या चार्जरवर अगदी हळू. असं कसं?

भाषेचा प्रश्न. काही कंपन्यांनी आपापली फास्ट चार्जिंगची पद्धत काढलीय. ओप्पो-वनप्लसचं सुपरवूक घ्या, त्यात व्होल्टेज कमी ठेवून करंट भरपूर सोडतात, त्याला अडॅप्टर पण त्यांचा आणि केबल पण त्यांची लागते. दुसरा चार्जर लावला की दोघांना जी सामाईक भाषा येते त्यात बोलणं होतं आणि स्पीड उतरतो. सॅमसंगचं वेगळंच, ते पीडीच वापरतात पण त्यात पीपीएस नावाचा प्रकार लागतो, व्होल्टेज थोडं-थोडं कमीजास्त करायची सोय. चार्जरवर पीपीएस नसेल तर "सुपर फास्ट" दिसणार नाही.

युरोपच्या कायद्यात यावर तोडगा आहे. १५ वॅटच्या वर चार्जिंग करणाऱ्या प्रत्येक डिव्हाइसला पीडी यायलाच हवं, कंपनीची स्वतःची पद्धत ठेवा हवी तर, पण तिच्यामुळे पीडी अडकायला नको. चीनमध्ये पण कंपन्यांनी मिळून युएफसीएस नावाची एक सामाईक पद्धत काढलीय. म्हणजे भोकानंतर आता भाषेवर काम चालू आहे, पण तुमच्या हातातल्या फोनला त्याचा उपयोग नाही, त्याच्या बॉक्समधला चार्जर जपून ठेवा.

ट्रिमर नवीन घेतला, सी टाईप आहे, पण फोनच्या चार्जरवर चार्जच होत नाही. पीस खराब?

बहुतेक नाही! गेल्या दिवाळीच्या आधी एक दादा असाच ट्रिमर घेऊन आले, तावातावाने, ऑनलाईन रिटर्नची मुदत संपलेली. मी त्यांच्या दोन्हीकडे सी असलेल्या केबलने लावून बघितला, काही नाही. मग ड्रॉवरमधली जुनी केबल काढली, एका बाजूला मोठी चौकोनी युएसबी, दुसऱ्या बाजूला सी, आणि जुना ५ व्होल्टचा चार्जर. लगेच लाल दिवा. दादा माझ्याकडे असे बघायला लागले जसा काही मी मंत्र मारला.

कारण असं की दोन्हीकडे सी असलेल्या केबलमध्ये चार्जर आधी खात्री करतो की समोर खरंच कुणी आहे का, तोपर्यंत करंटच सोडत नाही. त्यासाठी डिव्हाइसच्या आत ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर लागतात. किरकोळ वस्तू आहे ती, अगदी किरकोळ, पण स्वस्तातले ट्रिमर, टॉर्च, हातपंखे बनवणारे तेवढेही वाचवतात आणि सी टाईपचं नुसतं भोक बसवून देतात. जुन्या चौकोनी युएसबीत मात्र ५ व्होल्ट कायम चालू असतात, विचारपूस नाही, म्हणून तिथे चालतं. नवख्यांचंच होतं असंही समजू नका, २०१९ ला आलेल्या रास्पबेरी पाय ४ या प्रसिद्ध छोट्या कॉम्प्युटरमध्ये दोन रेझिस्टरच्या ऐवजी एकच सामाईक लावला होता, त्यामुळे चांगल्यातल्या, चिपवाल्या केबलवर तो चालायचा नाही आणि साध्या केबलवर चालायचा. नंतर सुधारला त्यांनी.

तात्पर्य एवढंच की घरात एक जुन्या पद्धतीची केबल असू द्या.

केबल शंभराची पण आहे आणि आठशेची पण. दिसतात तर सारख्या.

सारख्या दिसतात हाच तर सी टाईपचा सगळ्यात मोठा ताप. दोन्हीकडे सी असलेली साधी केबल ३ अँपिअरची, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅटपर्यंत. त्याच्या वर जायचं तर ५ अँपिअरची लागते आणि तिच्या टोकात एक छोटी चिप असते जी चार्जरला सांगते की मला झेपेल. चिप नसेल तर चार्जर ६० च्या वर जात नाही, तुम्ही कितीही मोठा आणा. सगळ्यात वरची २४० वॅटची, ४८ व्होल्ट ५ अँपिअर, ते स्टँडर्ड २०२१ ला आलं.

फोनसाठी ६० वॅटची बास आहे. लॅपटॉपसाठी चांगली घ्या. आणि एकदम फालतू घेऊ नका, कारण वाईट केबल नुसती हळू चालते असं नाही. गुगलचे इंजिनिअर बेन्सन लेउंग २०१५ पासून ऑनलाईन मिळणाऱ्या सी टाईप केबल विकत घेऊन तपासत होते, २०१६ मध्ये एका केबलच्या आत वायरिंगच उलटसुलट निघालं आणि त्यांचा लॅपटॉप आणि तपासायची यंत्रं उडाली.

मोबाईलच्या चार्जरवर लॅपटॉप चालेल का?

लॅपटॉपला सी टाईपवर चार्जिंग असेल तर चालेल, पण २० वॅटवर तो एकतर नाही म्हणेल किंवा झोपल्यावर हळूहळू भरेल. ४५-६५ चा घ्या. उलटं मस्त चालतं, लॅपटॉपच्या ६५ वॉल्यावर फोन. मी स्वतः गावाला जाताना विटकरीएवढा एकच चार्जर नेतो, त्यावर लॅपटॉप, फोन, बायकोचा फोन, इअरबड्स, सगळं. मोठे गेमिंग लॅपटॉप मात्र अजून आपापल्या जाड चार्जरवरच असतात.

बॉक्समधून चार्जर काढून टाकला, हा पण त्या कायद्याचाच प्रताप ना?

नाही हो, क्रम उलटा आहे. ॲपलनं ऑक्टोबर २०२० ला आयफोन १२ पासून काढला, पाठोपाठ सॅमसंगनं जानेवारी २०२१ ला एस २१ पासून. कायदा त्यानंतरचा. कायदा एवढंच म्हणतो की चार्जरसकट विकत असाल तर बिनचार्जरचा पण पर्याय ठेवा, आणि आत चार्जर आहे की नाही ते बॉक्सवर चित्रानं दाखवा. ब्राझीलमध्ये तर सरकारनं उलट भूमिका घेतली, २०२२ ला बिनचार्जरचा आयफोन विकू नका म्हणून दंडच ठोकला.

पर्यावरणाचं कारण पटतं मला. फोनची किंमत त्या हिशोबानं उतरली नाही ते नाही पटत. धंदा माझा वाढला, ते सोडा.

स्मार्ट वॉचचं काय?

ते यात नाहीच. एवढ्याशा घड्याळाला सी टाईपचं भोक पाडायला जागा कुठून आणणार, त्यामुळे प्रत्येकाची मॅग्नेटवाली वेगळी तबकडी. हरवली तर तोच मॉडेल नंबर घेऊन या, "काळं घड्याळ आहे" एवढ्यावर मला देता येत नाही.

पोर्ट लूज झालाय, केबल धरून ठेवली तरच चार्ज होतं. बदलावा लागेल?

आधी साफ करून बघा. दहातले सहा-सात वेळा आत खिशातला कापूस दाबून बसलेला असतो, केबल पूर्ण आत जातच नाही. आमच्या इथले गिरणीवाले काका आले होते, त्यांच्या पोर्टमधून मी पिठाची अक्षरशः वडी काढली, चौकोनी, पोर्टच्या मापाची. फोन बंद करा, लाकडी टूथपिक घ्या, कडेकडेने हलक्या हाताने. सेफ्टी पिन, सुई अजिबात नाही, सी टाईपच्या मधोमध एक पातळ पट्टी असते, सगळे संपर्क तिच्यावर असतात, ती तुटली की मग चार्जिंग बोर्डाचा खर्च. पाणी दिसलं तर तोंड खाली करून ठेवा, तांदळाच्या डब्यात घालू नका, भुसा आत जातो.

भाची जर्मनीतून फोन आणतेय, इकडचा चार्जर चालेल ना?

फोनकडची बाजू चालेल. भिंतीकडच्या बाजूला या कायद्यानं हातच लावलेला नाही, तिकडची पिन वेगळी, आपली वेगळी. तिला सांगा अडॅप्टर आणूच नको, केबल आण. तसा २०२५ मध्ये कमिशननं अडॅप्टरसाठी पण नियम मंजूर केलाय, त्याच्यावर सी टाईपचं भोक असावं आणि केबल सुटी होणारी असावी, २०२८ च्या अखेरीपासून. म्हणजे आधीच्या कायद्यात राहिलेली अर्धी बाजू. भिंतीतली पिन तरीही तीच राहणार.

ई-स्कूटरचं पण असं एक कधी होणार?

सुरुवात झालीय. बीआयएसनं ऑक्टोबर २०२३ मध्ये टू-व्हीलर-थ्री-व्हीलरसाठी भारतात बनलेल्या कनेक्टरचं स्टँडर्ड मंजूर केलं, मूळ डिझाईन एथर या ई-स्कूटर कंपनीचं. पण तेही सक्तीचं म्हणून आलेलं नाही.

घरात वीस जुने चार्जर पडलेत, काय करू?

ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा वेगळा द्यायचा असतो, माझ्याकडे आणून दिलात तरी मी पुढे देतो. द्यायच्या आधी निवडा. ज्याला चौकोनी युएसबीचं भोक आहे आणि ५ व्होल्ट लिहिलंय ते एक-दोन ठेवा, ट्रिमर आणि टॉर्चला लागतात, वर सांगितलं तसं. वायर कायमची जोडलेली असेल आणि पिन कशाची ते तुम्हालाच आठवत नसेल तर द्या. वायर कुठे सोलली असेल, चिकटपट्टी लावलेली असेल, तो आजच द्या, "अजून चालतोय" म्हणून आजीच्या उशाशी लावून ठेवू नका.

आणि नोकियाची बारीक पिन असेल तर मला दाखवा. माझ्याकडे दोनच उरलेत आणि महिन्यातून एखादे आजोबा अजून विचारत येतात.